नाक्यावरचं दुकान का बदलतं? पागडी, उपकर आणि पुनर्विकास सोप्या भाषेत

मुंबईच्या जुन्या भागातलं एखादं नावाजलेलं हॉटेल बंद होणार म्हटलं की शेवटच्या दिवशी रांग लागते. लोक फोटो काढतात, आठवणी सांगतात. कारण विचारलं तर दोनच उत्तरं येतात: भाडं परवडलं नसेल, नाहीतर आता पूर्वीसारखं गिऱ्हाईक राहिलं नसेल. प्रत्यक्षात यातल्या पुष्कळ दुकानांचं भाडं महिन्याला काही शे रुपये असतं आणि सकाळी बसायला जागा मिळत नाही एवढी गर्दीही असते. तरीही दुकान जातं. काही वर्षांनी वरची इमारतही जाते, तिथे टॉवर येतो आणि जुन्या हॉटेलच्या जागी बँक, औषधांच्या साखळीचं दुकान किंवा पार्किंगचं फाटक दिसू लागतं.

हे कळायचं तर चहाच्या चवीपेक्षा भाडेकायद्याकडे बघावं लागतं. पागडीच्या इमारतींच्या पुनर्विकासाची चर्चा विधिमंडळापासून चाळीच्या गॅलरीपर्यंत सगळीकडे चालू आहे, पण त्यातले शब्द इतके अवघड की ज्यांचं घर-दुकान पणाला लागलंय तेही अनेकदा नीट न समजता सही करून मोकळे होतात. म्हणून हा लेख. माझं म्हणणं आधीच सांगतो. नाक्यावर कोण टिकेल, हे त्या गाळ्यावर कोणाचा कोणता हक्क आहे यावर ठरतं. आणि आजच्या पुनर्विकासात दुकानदाराचं क्षेत्रफळ वाचतं, पण त्याचा नाका वाचवायची तरतूद कोणी करत नाही.

धोबी तलावचा कोपरा

मेट्रो सिनेमाजवळचा चौक घेऊ. कागदोपत्री हा वासुदेव बळवंत फडके चौक, बोलताना मात्र धोबी तलावच. इथे एके काळी खरोखर तलाव होता, धोबी तिथे कपडे धूत. तो बुजवला गेला आणि त्यावर शहर उभं राहिलं. चौकातल्या जेर महाल या जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर १९०४ साली सुरू झालेलं कयानी हे इराणी हॉटेल आहे. १८६५ साली स्थापन झालेल्या फुर्टाडोज या पेढीचं वाद्यांचं दुकानही याच इमारतीत. वरच्या मजल्यांवर गोव्याच्या गावांचे कूड, म्हणजे एकेका गावाच्या लोकांसाठीच्या सामाईक खोल्या. बोटीवर नोकरी करणारे गोंयकार दोन सफरींच्या मधल्या काळात इथे आपापल्या गावाच्या खोलीत उतरायचे, पेटी तिथेच ठेवून पुन्हा बोटीवर जायचे. जवळच १९३८ साली उघडलेलं मेट्रो, आता मल्टिप्लेक्स झालेलं. कयानीसमोरचं बस्तानी हे दुसरं इराणी हॉटेल मात्र कधीच बंद झालं.

इराणी हॉटेलं कोपऱ्यावरच का, याची सांगोवांगीची गोष्ट अशी की हिंदू व्यापारी कोपऱ्याचा गाळा अशुभ मानत, म्हणून तो इराण्यांना सहज मिळाला. ही गोष्ट खरी असो वा नसो, कोपऱ्याचा फायदा उघड आहे. दोन रस्त्यांना तोंड, दोन बाजूंनी उजेड आणि वारा. इमारतीचा कोपरा छाटून मधोमध केलेला दरवाजा, त्याला दोन-तीन पायऱ्या. कुठल्याही रस्त्याने येणाऱ्याचे पाय आपोआप आत वळतात. काउंटरवर बसलेल्या शेठला दोन्ही रस्ते दिसतात आणि दोन्ही रस्त्यांना तो दिसतो. पायऱ्यांशेजारी पानवाला, पेपरवाला, किल्ल्या बनवणारा असे आणखी तीन-चार संसार उभे राहतात. या धंद्याचं खरं भांडवल म्हणजे ही जागा. दुकानाची रस्त्याला लागून असलेली आणि गिऱ्हाइकाला दिसणारी बाजू म्हणजे दर्शनी बाजू. हा शब्द पुढे पुन्हा लागेल.

भाडं गोठलं कसं

पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईत घरांची टंचाई झाली, भाडी भडकली आणि १९१८ साली भाड्यावर पहिल्यांदा कायद्याचं बंधन आलं. दुसऱ्या महायुद्धात आणि फाळणीच्या सुमाराला तीच वेळ पुन्हा आली. त्यातून १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा झाला. त्याने १ सप्टेंबर १९४० ला जे भाडं होतं तेच आधार मानलं. या गोठवलेल्या भाड्याला 'प्रमाण भाडं' म्हणतात. घर असो वा दुकान, मालकाला त्याहून जास्त मागता येत नव्हतं आणि कायद्यात दिलेल्या मोजक्या कारणांशिवाय भाडेकरूला काढताही येत नव्हतं.

हा कायदा मुळात तात्पुरता होता. पण त्याची मुदत पुन्हा पुन्हा वाढत गेली आणि पन्नास वर्षं निघून गेली. एखाद्या रिक्षावाल्याला सांगितलं की तुझं भाडं १९४० च्या दरानेच राहील, आत बसलेल्या प्रवाशाला उतरवायचं नाही आणि गाडीची देखभालही तूच करायची, तर काय होईल? प्रवासी उतरणार नाही, कारण इतक्या स्वस्तात दुसरी गाडी मिळणार नाही. रिक्षावाला ऑइल बदलणं थांबवेल. प्रवास चालू राहील, गाडी मात्र खिळखिळी होत जाईल. मुंबईच्या बेटावरच्या हजारो इमारतींचं नेमकं हेच झालं.

१९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने, मालपे विश्वनाथ आचार्य यांच्या खटल्यात, ही गोठवणूक आता अवाजवी आणि मनमानी झाली आहे असं स्पष्ट म्हटलं. त्यानंतर महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्यात भाडं वर्षाला चार टक्के वाढवायची मुभा आहे. ही वाढ ऐकायला ठीक वाटते, पण हिशेब करून बघा. २००० साली १०० रुपये भाडं असेल आणि चार टक्के चक्रवाढीने वाढवलं, तर २५ वर्षांनी ते साधारण २६७ रुपये होतं. त्यात प्लंबरची एक फेरीसुद्धा होत नाही.

पागडी म्हणजे नेमकं काय

भाडं गोठलं तरी जागेची खरी किंमत वाढतच होती. तो फरक कुठेतरी बाहेर पडणारच होता, तो पागडीतून पडला. पागडी म्हणजे भाडेकरूचा हक्क मिळवण्यासाठी एकरकमी दिलेली मोठी रक्कम. ती देऊन आत शिरलेला माणूस पुढे नाममात्र भाडं भरतो आणि मालक त्याच्या नावाची भाडेपावती फाडतो. त्याला जागा सोडायची असेल तर तो नव्या भाडेकरूकडून बाजारभावाच्या जवळपास पागडी घेतो आणि त्यातला ठरलेला वाटा, रिवाजाप्रमाणे साधारण एक तृतीयांश, मालकाला देतो. मालक मग नव्या नावाने पावती करतो.

ही भाडेपावती म्हणजे बहुधा तळहाताएवढा छापील कागद. वर इमारतीचं नाव, खोली किंवा गाळ्याचा नंबर, महिना, रक्कम आणि खाली दिवाणजीची सही. किती तरी कुटुंबांचा मुंबईतला सगळा हक्क या कागदावर उभा आहे. पुनर्विकासाची पहिली बैठक होते तेव्हा लोक ट्रंकेतून पिशव्या काढून पहिलं काय शोधत असतील, तर आजोबांच्या नावाची जुनी पावती.

१९४७ च्या कायद्यात पागडी घेणं गुन्हा होता, त्यामुळे अर्धा व्यवहार रोखीत आणि अंधारात चालायचा. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५६ ने हा व्यवहार कायदेशीर केला. नोंदणी करून, मुद्रांक शुल्क भरून तो उघडपणे करता येऊ लागला. तरीही पागडी म्हणजे मालकी नव्हे. जमीन आणि इमारत मालकाचीच राहते, भाडेकरूकडे असतो तो राहण्याचा किंवा धंद्याचा भक्कम हक्क.

त्याच्या अटी दुकानदाराला जाचक ठरतात. सबळ कारणाशिवाय जागा सलग सहा महिने मूळ कामासाठी वापरली नाही, किंवा मालकाला न विचारता पोटभाडेकरू ठेवला, तर मालक जागा खाली करण्याचा दावा लावू शकतो. दुकानदार वारला तर त्या वेळी त्याच्याबरोबर दुकान चालवणाऱ्या घरच्या माणसाचा हक्क पहिला. मुलगा पुण्याला आयटीत आणि मुलगी परदेशात असेल, तर इथेच पेच पडतो. अनेक इराणी हॉटेलं भागीदारीत होती. दोन-तीन पिढ्यांनी भागीदारांचे वारस वाढले आणि पावती कोणाच्या नावावर ठेवायची यावरच वाद झाले. बाहेरून दिसतं की हॉटेल थकलं. आत मात्र पावतीवर चढवायला सर्वांना मान्य असं नाव नसतं.

'म्हणजे हे लोक फुकटात राहतात, मग त्यांना हक्क कशाचा?'

हा आक्षेप नेहमी येतो आणि रागाने येतो. ज्याने ३५ हजार रुपये भाडं भरून उपनगरात दहा बाय बाराची खोली घेतलीय, त्याचा राग मला समजतो. पण पागडी देऊन आलेला माणूस फुकटात आलेला नाही. त्याने आत येतानाच बाजारभावाचा मोठा हिस्सा मोजलाय, कधी गावची जमीन विकून, कधी बायकोचे दागिने मोडून. ज्यांचे आजोबा १९३५ साली साध्या भाड्याने राहायला आले आणि ज्यांनी कधी पागडी दिली नाही, त्यांची गोष्ट वेगळी आहे. कायदा या दोघांत फरक करत नाही, आणि या जुन्या व्यवस्थेतली ही खरी उणीव आहे.

मालकालाही खलनायक करून भागत नाही. पन्नास भाडेकरूंच्या इमारतीचं महिन्याचं भाडं गोळा करून गच्चीचं वॉटरप्रूफिंगही होत नसेल, तर तो दुरुस्ती करणार कशातून? शिवाय पुष्कळ मालक म्हणजे आता एकच माणूस राहिलेला नाही. कुठे ट्रस्ट आहे, कुठे कोर्टात भांडणारे पंधरा वारस.

इमारत सांभाळायची कोणी? उपकर आणि टेकू

मालक दुरुस्ती करेना, इमारती पडू लागल्या, तेव्हा १९६९ साली सरकारने मार्ग काढला. मुंबई शहरातल्या, म्हणजे उपनगरं सोडून बेटावरच्या, जुन्या भाड्याच्या इमारतींवर उपकर बसवायचा आणि त्या पैशातून सरकारी मंडळाने दुरुस्ती करायची. उपकर म्हणजे मालमत्ता करासोबत वसूल होणारा जादा कर. त्या वेळी अशा १९,६४२ इमारती होत्या आणि त्यांतल्या १६,५०२ तर १९४० च्या आधीच्या. आज हे काम म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे आहे आणि या इमारतींना 'उपकरप्राप्त' म्हणतात. पुण्याच्या पेठांतल्या वाड्यांना भाडेकायदा हाच लागू होता, पण ही उपकराची सोय तिथे नाही. म्हणून तिथल्या वाड्यांची गोष्ट वेगळ्या वळणाने गेली.

दुरुस्ती मंडळाने किती खर्च करायचा याला दर चौरस मीटरला मर्यादा असते. लाकडी तुळयांची, चुन्याच्या भिंतींची शंभर वर्षांची इमारत त्या मर्यादेत उभी करणं अवघड. मग टेकू लागतात. काळबादेवी-गिरगावात फिरताना गॅलरीला खालून दिलेले लाकडी किंवा लोखंडी खांब दिसतात, ते हेच. तात्पुरते म्हणून लावलेले टेकू वर्षानुवर्षं तसेच राहतात. त्यांना दोऱ्या बांधून कपडे वाळत घातले जातात, त्यांच्या आडोशाला चांभार बसतो. ३१ ऑगस्ट २०१७ ला भेंडी बाजारातली हुसैनी इमारत सकाळीच कोसळली आणि ३३ माणसं गेली. जुन्या नाक्यांबद्दल हळहळताना हा आकडा विसरता येत नाही. मला जुनी दुकानं प्रिय आहेत, पण ती टिकवण्यासाठी वरच्या मजल्यावरच्या माणसाने जीव मुठीत धरून झोपावं, असं मी म्हणू शकत नाही.

कोपऱ्यावरच्या बँका का हलल्या

इमारत तीच असताना तळमजल्यावरची बँक किंवा मोठ्या कंपनीचं ऑफिस अचानक गेलेलं तुम्ही पाहिलं असेल. १९९९ च्या कायद्याने बँका, सरकारी कंपन्या, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि एक कोटी रुपये किंवा त्याहून जास्त भरणा झालेलं भागभांडवल असलेल्या कंपन्यांचं भाड्याचं संरक्षण काढून घेतलं. मालकाला त्यांच्याकडून बाजारभाव मागता येऊ लागला किंवा जागा परत घेता येऊ लागली. खटले सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि २००८ साली एका सरकारी विमा कंपनीच्या खटल्यात मालकांच्या बाजूने निकाल लागला. म्हणून शेजारच्या दोन गाळ्यांत आज असं दिसतं की एकजण लाखांत भाडं भरतो आणि दुसरा शेकड्यांत. धंदा कोणाचा चांगला चालतो याच्याशी त्याचा काही संबंध नाही.

पुनर्विकास आणि एफएसआयचं गणित

एफएसआय, म्हणजे चटईक्षेत्र निर्देशांक, जमिनीच्या किती पट बांधकाम करता येईल ते सांगतो. जमीन ४०० चौरस मीटर आणि एफएसआय ३ असेल तर सगळे मजले मिळून १,२०० चौरस मीटर बांधता येतं. एवढंच.

उपकरप्राप्त इमारतींसाठी मुंबईच्या विकास नियमावलीत ३३(७) हा नियम आहे. त्यानुसार एफएसआय ३, किंवा सगळ्या जुन्या रहिवाशांना सामावून घ्यायला जेवढं बांधकाम लागेल ते अधिक त्याच्या किमान निम्मं बक्षिसाचं बांधकाम, यातलं जे जास्त असेल ते मिळतं. रहिवाशांना घरं फुकट द्यायची आणि बक्षिसाचं बांधकाम विकून बिल्डरने खर्च आणि नफा काढायचा, अशी ही रचना आहे. शेजारच्या अनेक इमारती एकत्र केल्या तर ३३(९) लागतो, त्यात एफएसआय ४ किंवा त्याहूनही जास्त मिळू शकतो. भेंडी बाजारातला साडेसोळा एकरांचा प्रकल्प याच समूह पुनर्विकासाचा नमुना आहे.

अडचण कुठे येते? एक तर गिरगाव-काळबादेवीतले भूखंड चिंचोळे आणि लहान. उंच इमारतीभोवती अग्निशमनाची गाडी फिरायला सुमारे सहा मीटर मोकळी जागा लागते, गाड्या उभ्या करायला जागा लागते, आणि रस्तारुंदीसाठी मागे सरकावं लागतं. कोपऱ्याच्या इमारतीला तर दोन्ही रस्त्यांकडून मागे सरकावं लागतं. दुसरं, मालक, भाडेकरू आणि बिल्डर यांत एक जरी अडला तरी काम थांबतं. २०२२ साली म्हाडा कायद्यातल्या दुरुस्तीला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. धोकादायक इमारतीच्या मालकाने सहा महिन्यांत प्रस्ताव दिला नाही तर भाडेकरूंना संधी, आणि त्यांनीही सहा महिन्यांत दिला नाही तर म्हाडाने जागा ताब्यात घ्यायची, असा तो क्रम आहे. या नोटिसा ज्या पद्धतीने काढल्या गेल्या त्यावर मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये कडक ताशेरे ओढले.

'सरकारनेच मालकाकडून घेऊन भाडेकरूंना का देऊ नये?'

हा प्रयोग कायद्यात १९८६ पासून आहे. म्हाडा कायद्याच्या एका प्रकरणानुसार, सत्तर टक्के रहिवाशांनी सोसायटी करून मागणी केली तर सरकार उपकरप्राप्त इमारत संपादित करून त्यांना देऊ शकतं, आणि मालकाला मिळतात मासिक भाड्याच्या शंभर पट. महिन्याचं भाडं दोन हजार असेल तर इमारतीचे दोन लाख. मालकांच्या संघटनेने याला आव्हान दिलं. १९९२ साली सर्वोच्च न्यायालयात गेलेलं हे प्रकरण शेवटी नऊ न्यायाधीशांच्या पीठापुढे आलं. ५ नोव्हेंबर २०२४ ला बहुमताने निकाल लागला की प्रत्येक खासगी मालमत्ता ही आपोआप 'समाजाची भौतिक साधनसंपत्ती', म्हणजे सरकारने लोकहितासाठी वाटून देण्याजोगी संपत्ती, ठरत नाही. देशभर त्याची चर्चा आर्थिक धोरणावरचा निकाल म्हणून झाली. त्याचं मूळ मुंबईच्या टेकू लावलेल्या इमारतींत होतं, हे फार थोड्यांनी लक्षात घेतलं.

दुकान परत मिळतं, नाका मिळत नाही

आता मुद्द्याची गोष्ट. ३३(७) मध्ये राहत्या भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट चटईक्षेत्र मिळतं. जुनी खोली १२० फुटांची असली तरी ३०० मिळतात, हा खरंच मोठा फायदा आहे. दुकानदाराला मात्र जेवढं जुनं क्षेत्र तेवढंच. शिवाय नियम क्षेत्रफळाबद्दल बोलतो. कोणत्या बाजूला, कोणत्या रस्त्याला तोंड करून, किती रुंद दरवाजा, हे सगळं करारावर सोडलेलं आहे.

आणि तिथेच दोघांचं हित उलट्या दिशेला जातं. विक्रीच्या बांधकामात सगळ्यात महाग काय विकलं जाणार? तळमजल्याचा, रस्त्याला लागून असलेला, कोपऱ्याचा गाळा. बिल्डरला तो विकायचाय आणि जुन्या दुकानदाराला तोच परत हवाय. शिवाय पार्किंगची वाट, लिफ्टची लॉबी, विजेचं उपकेंद्र यांनाही तळमजलाच लागतो. त्यामुळे कागदावर २५० फुटांना २५० फूट मिळतात, पण जुना गाळा १२ फूट रुंद आणि दोन रस्त्यांवर उघडणारा, तर नवा आठ फूट रुंद, खोल आणि आतल्या पॅसेजमध्ये. शिंप्याचं किंवा वकिलाचं काम तिथेही चालेल. चहा-पाव, फुलं, वर्तमानपत्रं, भेळ यांचं गिऱ्हाईक येता-जाता थांबणारं. ते पॅसेजमध्ये शिरत नाही.

दुसरा फटका वेळेचा. राहणाऱ्याला संक्रमण शिबिरात किंवा भाड्याने दुसरं घर मिळतं, आणि घर दुसरीकडे हलवता येतं. दुकानदाराला पर्यायी भाडं मिळालं तरी गिऱ्हाईक मिळत नाही. काम तीन वर्षांत होईल म्हणतात, आणि किती तरी प्रकल्प दशकभर रखडतात. तोपर्यंत रोज सकाळी ब्रून-मस्का खाणाऱ्यांची सवय दुसरीकडे लागलेली असते, भट्टीवरचा माणूस गावी गेलेला असतो आणि दुकानदार साठीचा सत्तरीला टेकलेला असतो. पायऱ्यांशेजारचा किल्लीवाला तर कुठल्याच यादीत नसतो. त्याच्याकडे पावतीच नव्हती.

मग परत आलेला दुकानदार स्वतःच दुकान का बंद करतो?

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथे दोष द्यायला कोणी सापडत नाही. पुनर्विकासानंतर भाडेकरू सोसायटीचा सभासद, म्हणजे मालक होतो. काल जी जागा पोटभाड्याने द्यायची भीती होती, ती आज लिव्ह अँड लायसन्सवर उघडपणे देता येते. समजा चहा-खारीच्या धंद्यातून सगळा खर्च जाऊन महिन्याला साठ हजार सुटतात, आणि औषधांची एखादी साखळी त्याच गाळ्याचे दीड लाख द्यायला तयार आहे. शिवाय नव्या इमारतीचा देखभाल खर्च आणि मालमत्ता कर जुन्या भाड्याच्या कितीतरी पट. सकाळी चार वाजता भट्टी पेटवायची, की घरी बसून दीड लाख घ्यायचे? गुडघे दुखणाऱ्या माणसाने दुसरा पर्याय निवडला तर त्याला बोल लावायचा कसा?

म्हणजे त्या स्वस्त चहाला इतकी वर्षं कोणीतरी अनुदान देत होतं. ते देत होता मालक, गोठलेल्या भाड्यातून. वरच्या मजल्यावरचे लोकही देत होते, गळक्या छताखाली राहून. जुनी इमारत गेली की हे अनुदान संपतं आणि गाळ्याची खरी किंमत उघडी पडते. ती किंमत चहाच्या धंद्याला झेपत नाही.

'वारसा म्हणून जाहीर करून टाका की'

मुंबईत १९९५ पासून वारसा नियमावली आहे आणि इमारतींना श्रेणी दिल्या जातात. त्याने दर्शनी भिंती, गॅलऱ्या, छपरं वाचतात. आतला धंदा त्यात येत नाही. श्रेणी मिळालेल्या इमारतीतही इराणी जाऊन तिथे कपड्यांचं दुकान येऊ शकतं, आणि इमारत कायद्याने पूर्ण सुरक्षित असते. शिवाय दुरुस्तीचा पैसा वारसा यादीतून येत नाही.

जुन्या भाड्यालाच चिकटून राहणं हाही मार्ग नाही, कारण त्याने इमारती पडतात. पण पुनर्विकास होताना तळमजला कसा असावा, हे नियमात लिहिता येईल. जुन्या दुकानाला जेवढ्या फुटांची दर्शनी बाजू होती तेवढी परत द्यायची, कोपऱ्याचा गाळा कोपऱ्यावरच द्यायचा, पार्किंगची वाट मुख्य रस्त्यावर काढायची नाही. ज्या सरकारने राहत्या खोलीसाठी ३०० फुटांचा किमान आकडा लिहिला, त्याला दुकानासाठी रुंदीचा आकडा लिहिणं अवघड नाही. परत येऊन तोच धंदा चालवणाऱ्याला पहिली काही वर्षं मालमत्ता करात सवलत दिली, तर दीड लाखांच्या मोहापुढे त्याला थोडा आधारही मिळेल.

सही करण्याआधी

नियम बदलेपर्यंत दुकानदाराच्या हातात करारच आहे. संमतीपत्र देण्याआधी तळमजल्याचा नकाशा मागा आणि त्यावर आपला गाळा खुणेने दाखवून घ्या. क्षेत्रफळासोबत रुंदी, छताची उंची आणि कोणत्या रस्त्याला तोंड हे शब्दांत लिहून घ्या. हॉटेल असेल तर धुराडं, गॅस, पाणी आणि सांडपाण्याची सोय नकाशात आहे का ते बघा, कारण नंतर सोसायटी भट्टीला परवानगी देत नाही. पर्यायी भाडं भोगवटा प्रमाणपत्र मिळेपर्यंत चालू राहील आणि उशीर झाला तर वाढेल, हे लिहिलेलं हवं. पावती वारलेल्या माणसाच्या नावावर असेल तर आधी ती बदलून घ्या, वारसांची आपसातली संमती लेखी करा. करार नोंदणीकृतच असावा. आणि मंजूर नकाशा पुढे बदलला तर तुमच्या गाळ्याची जागा तुमच्या लेखी संमतीशिवाय हलवता येणार नाही, हे वाक्य त्यात घालून घ्या. वकिलाची फी जास्त वाटली तर चार-पाच दुकानदारांनी मिळून एकच वकील करावा. कोपऱ्याचा गाळा कोणाला, यावर त्यांच्यातच वाद असेल तर तो बिल्डरसमोर बसण्याआधी मिटवावा.